नाताळाआधीच शिळी होणारी गाणी

डिसेंबर उजाडतो न उजाडतो तोच बाजारपेठेतल्या कर्ण्यांवर नाताळाची गाणी सुरू होतात. मडगाव असो की बेळगाव, कापड घ्यावयास जावे तर ‘जिंगल बेल्स’, मिठाई घ्यावयास जावे तरी तेच. (वास्तविक जेम्स पिअरपॉण्ट ह्या अमेरिकन गृहस्थाच्या त्या १८५७ सालच्या गाण्यात नाताळाचे नावसुद्धा नाही, बर्फावरून घसरत जाणाऱ्या घोडागाडीचे ते गाणे!) दुकानदाराला आम्ही दोष देत नाही, त्याला गिऱ्हाईक हवे. परंतु तीच घाई आता आमच्या घराघरांत शिरली आहे, आणि २४ तारखेची रात्र येईपर्यंत मुलांचेदेखील कान विटून गेलेले असतात.

ह्या बाबतीत ख्रिस्तसभेची रीत पाहण्यासारखी आहे. ३० नोव्हेंबरच्या आगेमागे येणाऱ्या रविवारी आगमनकाळ सुरू होतो. त्या काळातल्या चारही रविवारी मिस्सात ‘ग्लोरिया’ गात नाहीत. देवदूतांनी बेथलेहेमच्या रानात मेंढपाळांना ऐकविलेल्या शब्दांनीच त्या स्तोत्राचा आरंभ होतो. चार आठवडे ते आवरून धरावयाचे, म्हणजे नाताळाच्या रात्री घंटा वाजू लागताच ते नव्याने कानी पडते. २००२ साली निघालेल्या रोमन मिस्साग्रंथाच्या सूचनांत तर वाद्येसुद्धा आगमनकाळात बेताने वाजवावीत, जन्मोत्सवाचा पूर्ण आनंद आधीच प्रकट करू नये, असे सांगितले आहे.

मग हे आठवडे मुक्याने काढावयाचे काय? मुळीच नाही. १७ ते २३ डिसेंबरच्या सायंप्रार्थनेत सात प्राचीन आळवण्या म्हणतात. कधी दाविदाची किल्ली, कधी उगवतीचा प्रकाश अशा नावांनी ख्रिस्ताला हाक मारून ‘ये’ म्हणून विनवावयाचे. घरच्या जपमाळेनंतर रोज एक म्हणावी, कठीण नाही. गायनवृंदाला मात्र नाताळगीतांचा सराव आधीपासून केलाच पाहिजे. तो त्यांनी दार लोटून करावा!

‘सायलेंट नाइट’ ह्या गीताचेच पाहा. फादर योसेफ मोर ह्यांनी त्याचे शब्द १८१६ साली लिहिले. चालीसाठी ते दोन वर्षे थांबले. १८१८ च्या २४ डिसेंबरला शाळामास्तर फ्रान्झ ग्रुबर ह्यांनी चाल बांधली, आणि त्याच रात्री ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये दोघांनी गिटारीच्या साथीवर ते गायिले. आम्ही ते महिनाभर कर्ण्यावर ऐकतो, आणि खरी रात्र आली की कोणाचे लक्ष नसते.

सर्वांत नवल २६ तारखेचे. सण आता कोठे सुरू झालेला असतो. जानेवारीतल्या प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत नाताळकाळ चालावयाचा असतो. गोव्यात चांदोर आणि रेइश मागूश येथे तीन राजांचा उत्सव ६ जानेवारीला होतो. डब्यातल्या नेवऱ्या अजून संपलेल्या नसतात, गोठ्यातले तीन राजे अजून वाटेतच असतात. पण गाणी मात्र केव्हाच थांबलेली असतात.