मुंबई–लंडन : मैल आणि परवाने

मुंबईहून लंडनला सरळ वायुरेषेने जावयाचे म्हटल्यास अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर भरते, आणि ते आपल्या पणजोबांनी मोजले असते तरी तेवढेच भरले असते. परंतु ते कापावयास लागणारा काळ गेल्या शतकभरात कसा आकसत गेला आणि अलीकडे पुन्हा कसा पसरू लागला, याचा इतिहास केवळ यंत्रांचा मानण्याची आपली सवय असली, तरी तो निम्माअधिक परराष्ट्रांच्या दप्तरांतील परवान्यांचा आहे, असे माझे मत आहे.

आगबोटीच्या अमदानीत, १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाल्यावरही, विलायतेस जाणाऱ्या उतारूचे दोन-तीन आठवडे सहज समुद्रात जात. १९२९ च्या मार्चमध्ये इंपीरियल एअरवेजने लंडन–कराची सेवा सुरू केली आणि टपाल सात दिवसांत हिंदुस्थानच्या दारी येऊ लागली. पण त्या प्रवासाची घडण पाहिली म्हणजे मौज वाटते. क्रॉयडनहून बाझेलपर्यंत विमान, बाझेलहून जिनोआपर्यंत चक्क आगगाडी, तेथून अलेक्झांड्रियापर्यंत पाण्यावर उतरणारे विमान आणि पुढे वाळवंट ओलांडण्यासाठी पुन्हा वेगळे विमान, असा तो द्राविडी प्राणायाम होता. कैरो–बसरा हा टप्पा १९२७ सालीच चालू झाला असता कराचीची मजल दोन वर्षे खोळंबली, ती इराण सरकारने आपल्या किनाऱ्यावरून उड्डाणास मुभा न दिल्यामुळे. आणि पुढे मिळालेली ती मुभाही १९३२ साली संपुष्टात येताच सारा मार्ग आखाताच्या अरबी काठावर, शारजाच्या मुक्कामी, हलवावा लागला. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा यांनी कराचीची टपाल स्वतः विमान चालवून जुहूस आणली, व मुंबई या मार्गास जोडली गेली.

स्वातंत्र्यानंतर ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ कैरो व जिनिव्हा असे थांबे घेत लंडनला निघाले, तेव्हा आठवड्यांचा प्रवास सुमारे एका अहोरात्रावर आला. १९६० साली आलेल्या बोइंग ७०७ ने तोही जवळपास निम्मा केला, आणि दीर्घ पल्ल्याच्या विमानांमुळे मधले मुक्काम गळून तो नऊ-दहा तासांवर स्थिरावला. (परतीस तासभर कमी लागतो, कारण उंचावरचे पश्चिमी वारे पाठीशी असतात.)

येथवर यंत्राची सरशी. परंतु सरळ वायुरेषा पाकिस्तान, अफगाणिस्तान व कास्पियन समुद्रावरून जाते, हे विसरता येत नाही. २०१९ साली फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत पाकिस्तानने आपले आकाश मिटले. २०२२ पासून युक्रेनचे आकाश युद्धामुळे बंद झाले. आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा मनाई केली. दिल्लीला तिची झळ अधिक लागली, कारण मुंबईच्या विमानास निदान अरबी समुद्रावरून पश्चिमेची वाट धरता येते. पण ती वाटही इराण-इराकच्या मर्जीवर अवलंबून होती. १३ जून २०२५ रोजी इस्रायल-इराण संघर्ष पेटून ती आकाशे बंद झाली, तेव्हा मुंबईहून लंडनसाठी पहाटे सुटलेले विमान काही तास उडून पुन्हा मुंबईतच उतरले.