कॉपी करा, पण स्वतःची!

'कॉपी' म्हटलं की आपल्याला सबमिशनची आदली रात्र आठवते! जाहिरात क्षेत्रात मात्र कॉपी म्हणजे जाहिरातीचा मजकूर, आणि तो लिहिणारा कॉपीरायटर. हे काम नुसतं यमकं जुळवण्याचं नाही. १९५८ साली गाजलेली रोल्स-रॉइसची जाहिरात लिहिण्याआधी डेव्हिड ओगिल्व्ही तीन आठवडे त्या गाडीबद्दल वाचत होता. वाचता वाचता त्याला सापडलं, की ताशी ६० मैल वेगातही गाडीत सर्वांत मोठा आवाज इलेक्ट्रिक घड्याळाचा असतो. झालं, तेच शीर्षक! नुसतं 'अतिशय शांत गाडी' लिहिलं असतं, तर कोणाला पटलं असतं? म्हणूनच मला वाटतं, मशीन समजून घेऊन साध्या भाषेत सांगू शकणाऱ्या इंजिनिअरलाही इथे जागा आहे. फक्त वाचायची तयारी हवी.