सेवेकडून स्वाधिकाराकडे : अहेरीच्या अरण्यातील ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन

आदिवासींच्या कल्याणार्थ झालेल्या कार्याचा इतिहास पाहताना एक प्रश्न आरंभीच विचारावयास हवा. या कार्यात आदिवासी स्वतः कोठे होता? बोलणारा तो होता, की ज्याच्याविषयी बोलले जाते असा केवळ विषय होता? प्राणहिता, गोदावरी आणि इंद्रावती यांच्या सान्निध्यात वसलेल्या अहेरीच्या अरण्यप्रदेशात १९८४ साली ‘जंगल बचाव, मानव बचाव’ हे आंदोलन उभे राहिले. त्याचा विचार प्रस्तुत लेखात याच प्रश्नाच्या अनुरोधाने करावयाचा आहे.

इंग्रजी राजवट या लोकांना ‘मूलनिवासी जमाती’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत असे. १९३५ च्या कायद्यानुसार चांदा जिल्ह्यातील अहेरी जमीनदारी व गडचिरोली तहसिलीतील अनेक लहान जमीनदाऱ्या ‘अंशतः वर्जित क्षेत्र’ ठरविण्यात आल्या. मध्यप्रांत सरकारने या जमातींच्या चौकशीसाठी ग्रिगसन हा अधिकारी नेमला. त्याचा अहवाल १९४४ साली प्रसिद्ध झाला. तत्पूर्वी १९३२ मध्ये व्हेरिअर एल्विन आणि त्यांचे मराठी सहकारी शामराव हिवाळे यांनी मंडला जिल्ह्यात ‘गोंड सेवा मंडळ’ स्थापन केले होते. शाळा, दवाखाने आणि कुष्ठरुग्णांची शुश्रूषा हे त्या मंडळाचे कार्य. एल्विन यांना आदिवासींचे जीवन बाह्य आक्रमणापासून जपावे असे वाटे, उलट डॉ. गो. स. घुर्ये यांच्या मते ते मागासलेले हिंदूच होते. हा वाद पुष्कळ गाजला. मात्र त्यात गोंडाचा स्वतःचा शब्द क्वचितच ऐकू येतो.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा प्रश्न दुर्लक्षिला नव्हता. ‘जातिनिर्मूलन’ या १९३६ च्या निबंधात त्यांनी एक कोटी तीस लाख आदिवासींचा उल्लेख करून, हजारो वर्षांच्या हिंदू संस्कृतीने त्यांच्यासाठी काय केले, असा जाब विचारला. तथापि मे १९४५ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या मुंबई अधिवेशनातील भाषणात, आदिवासींमध्ये राजकीय जाणीव अद्याप पुरेशी विकसित झालेली नाही, अन्य गट त्यांना हाताशी धरतील, म्हणून त्यांच्या क्षेत्रांसाठी स्वतंत्र वैधानिक आयोग असावा, असे मतही त्यांनी मांडले. आपल्यापैकी अनेकजण हे मत सांगण्याचे टाळतात. ते टाळू नये, असे प्रस्तुत लेखकास वाटते. बाबासाहेबांचे विचार धर्मवचनांप्रमाणे वाचावयाचे नसून काळाच्या कसोटीवर पारखावयाचे आहेत, ही शिकवण त्यांनीच दिली आहे. शिवाय सप्टेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत पाचवी अनुसूची मांडणारेही तेच होते. जमाती सल्लागार परिषदेचे अधिकार मसुद्यापेक्षा क्षीण झाले, ही जयपाल सिंह यांची तक्रार रास्त होती. परंतु राज्यातील कायदे अनुसूचित क्षेत्राला लागू करावेत की नाहीत, हे ठरविण्याचा राज्यपालांचा अधिकार आणि जमीन हस्तांतरणावरील निर्बंध यांचा पाया त्याच अनुसूचीने घातला.

आता मूळ विषयाकडे येऊ. गोदावरीवर इंचमपल्ली येथे आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम येथे धरणे बांधण्याची योजना होती. त्यासंबंधी राज्यांमध्ये १९७८ साली करार झाला आणि १९८० साली गोदावरी पाणी तंटा लवादाचा निवाडा आला. या धरणांच्या पाण्याखाली जाणारे अरण्य माडिया आणि गोंड यांचे होते. करारावर सह्या करणारी सरकारे होती. ज्यांची गावे बुडणार होती, त्यांना कोणी विचारले नव्हते. त्या अरण्यात, भामरागडजवळ हेमलकसा येथे, बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला होता. रुग्णसेवा आणि शिक्षण हेच त्याचे क्षेत्र. पण ज्याला औषध दिले त्याचे घरच बुडत असेल, तर औषधाने काय साधणार? सेवेला येथे राजकीय प्रश्नाशी सामना करावा लागला. बाबा आमटे यांच्याप्रमाणेच या आंदोलनाचे नेते होते लाल श्याम शाह. छत्तीसगडकडील एका गोंड जमीनदार घराण्यात जन्मलेले लाल श्याम शाह १९६२ साली चांदा मतदारसंघातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून गेले होते आणि १९६४ मध्ये आदिवासींच्या प्रश्नावरच त्यांनी राजीनामा दिला होता.

नेतृत्व जमीनदार घराण्याचे असणे हा प्रकार आंबेडकरी वाचकास खटकणे स्वाभाविक आहे. १८५८ साली इंग्रजांविरुद्ध उठलेले बाबूराव शेडमाके अहेरीच्याच जमीनदारीकडून पकडले जाऊन चांद्यास फाशी गेले, हेही या मातीला ठाऊक आहे. मात्र १९८४ चे बळ घराण्यात नव्हते. ते गावोगावच्या माणसांत होते.

बाबा आमटे यांनी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्याशी पत्रव्यवहार केला. ऑगस्ट १९८४ च्या उत्तरात त्यांनी आदिवासींच्या विस्थापनाविषयी खेद व्यक्त केला, पण कधीकधी व्यापक हितासाठी पुढे जावेच लागते, असेही कळविले. तथागतांनी भिक्खूंना बहुजनांच्या हितासाठी चारिका करावयास सांगितले. त्या हितात कोणाचे घर हिशेबातून वगळलेले नाही. राज्यसंस्थेच्या व्यापक हितात मात्र ज्याचे नुकसान व्हावयाचे तो नेहमी तोच असतो. पुढे हे दोन्ही प्रकल्प बारगळले.

आंदोलन ओसरले, तरी त्यात सहभागी झालेली गावे स्वस्थ बसली नाहीत. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) येथील देवाजी तोफा आणि त्यांच्या ग्रामसभेने ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ अशी भूमिका घेतली. १९९६ चा पेसा कायदा याच पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रांसाठी आला. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू विक्रीसाठी लागणारे वाहतूक परवान्यांचे पुस्तक २०११ च्या एप्रिलमध्ये ग्रामसभेच्या हाती आले. राजकीय जाणिवेविषयीची १९४५ ची शंका येथे कोणी भाषणाने खोडली नाही. ग्रामसभेच्या व्यवहाराने खोडली, आणि तीही बाबासाहेबांनी मांडलेल्या संविधानाच्या आधारे.

नद्यांचा प्रश्न मात्र संपलेला नाही. २०१९ मध्ये तेलंगणाने मेडीगड्डा येथे गोदावरीवर बंधारा बांधून पूर्ण केला. त्याच्या पाण्याची झळ सिरोंचा तालुक्यातील शेतीस बसली. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये त्या बंधाऱ्याचे काही खांब खचले. गोदावरीचे पाणी कावेरीकडे नेण्याच्या योजनेत इंचमपल्लीचे नाव पुन्हा कागदावर आले आहे.