राईस मिल चालवायची तर डोके कुठे लागते?

गोंदिया शहराला लागूनच असलेल्या कुडव्यात राईस मिल कुणाला नवी नाही. पण ती आपण स्वतः चालवायची म्हटली, की यंत्रांइतकेच निर्णयही महत्त्वाचे ठरतात. ते क्रमाने पाहू.

आधी धानखरेदी. ओलावा मोजण्याचे यंत्र जवळ असावेच. सरकारी खरेदीत १७ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, भरडताना मात्र १३-१४ टक्केच बरा. ओले धान स्वस्त मिळाले म्हणून घेतले आणि घाईने भरडले, की वाचलेले पैसे कणीत, म्हणजे तुटलेल्या तांदळात जातात.

मग अरवा की उष्णा, हे ठरवावे. अरवा म्हणजे धान सरळ भरडून काढलेला तांदूळ. उष्ण्याचे धान आधी भिजवून, वाफवून, सुकवतात. वाफेने दाण्यातले तडे सांधतात, म्हणून तो कमी तुटतो. सरकारी भरडाईत १०० किलो धानामागे ६७ किलो अरवा किंवा ६८ किलो उष्णा परत द्यावा लागतो. पण उष्ण्याला बॉयलर आणि ड्रायर हवा. शिवाय आपल्याकडे तो फारसा खात नाहीत, केरळ-तामिळनाडूत खातात. गिऱ्हाईक शोधण्याआधी बॉयलर घेणे ही महागडी हौस.

सरकारी भरडाईत काम मिळते, पण नियम बदलतात. मध्यंतरी १०० किलो तांदळात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ असलेले एक किलो पोषक दाणे मिसळायचा नियम आला, आणि मिसळणीचे यंत्र घेणे भाग पडले. सगळी मिल या एकाच कामावर उभी असेल, तर असा प्रत्येक बदल जड जातो.

म्हणून तुसाकडे आणि कोंड्याकडे बघावे. तूस म्हणजे धानाचे टरफल. वजनाचा साधारण पाचवा भाग, बॉयलरला फुकटचे जळण. कोंडा म्हणजे दाण्यावरचा तपकिरी थर. त्यातून खाद्यतेल निघते. मात्र भरडल्याबरोबर त्यातले तेल खराब व्हायला लागते. ‘गाडी भरली की पाठवू’ म्हणत पोती साठवली, तर तेल गिरणीवाला भाव पाडणारच.

शेवटी नाव. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ पासून आपल्या शेतातल्या वेगळ्या लोंब्या निवडून नवे वाण तयार केले. त्याला बाजारात नाव मिळाले ते तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचे, एचएमटी. तांदूळ सगळीकडे गेला. खोब्रागडे मात्र गरीबच राहिले. तेव्हा आपल्या तांदळाला नाव सुचले, तर पोती छापायला देण्याआधी त्याची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी करायला अर्ज करावा.