लिंक शेअर करून कमाई करायचीय? आधी हे तपासा

‘घरबसल्या लिंक शेअर करा, कमिशन मिळवा’ असे मेसेज गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतात. याला ॲफिलिएट मार्केटिंग म्हणतात. तुमच्या लिंकवरून कुणी वस्तू घेतली, की कंपनी तुम्हाला ठरलेलं कमिशन देते.

प्रोग्राम निवडताना आधी एकच विचारा : पैसा येतो कुठून? मालाच्या विक्रीतून येत असेल तर ठीक. नोंदणीलाच पैसे मागितले, किंवा नवीन माणसं जोडल्याचे पैसे मिळणार असतील, तर तिथूनच मागे फिरा. माणसं जोडून पैसा फिरवणाऱ्या साखळी योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे. वेबसाइटवर मुंबईतल्या पवईचा पत्ता आणि चकाचक ऑफिसचा फोटो दिसला म्हणून भुलू नका.

मग अटी वाचा. ॲमेझॉनच्या प्रोग्रामचंच बघा. नोंदणी फुकट आहे, पण १८० दिवसांत किमान ३ विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद होतं. स्वतःच्या लिंकवरून स्वतःसाठी खरेदी केली तर कमिशन नाही. गिऱ्हाइकाने माल परत केला तरी नाही.

किती रक्कम जमल्यावर पैसे बँकेत येतात, हेही आधीच बघा. फसवणूक झालीच, तर लाजू नका. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.