एक नकाशा, तीन कप्पे

समजा, तुम्ही संगणकावर मोसमी वाऱ्यांचा नकाशा काढला. तो कोठे ठेवाल? ‘भूगोल’ या कप्प्यात, ‘चित्रे’ या कप्प्यात, की ‘विज्ञान प्रदर्शन’ या कप्प्यात? एकाच ठिकाणी ठेवला, तर महिन्याने तो कप्पा आठवत नाही. तिन्ही ठिकाणी प्रती ठेवल्या, तर एकीत केलेली दुरुस्ती इतर दोन प्रतींत होत नाही. आणि ऐन प्रदर्शनाच्या दिवशी जुना, चुकीचा नकाशा हाती येतो!

कप्प्यात कप्पा ठेवण्याची ही झाडासारखी रचना १९६५ साली ‘मल्टिक्स’ या संगणक-प्रणालीच्या आराखड्यात मांडली गेली. आजही ती सर्रास वापरली जाते.

ग्रंथालयात मात्र ही अडचण फार पूर्वीच सुटली आहे. पुस्तक एकाच फळीवर असते. परंतु लेखक, नाव आणि विषय यांची कार्डे वेगवेगळी असतात. संगणकालाही हेच करता येईल. प्रत्येक फाइलीला एक क्रमांक द्यायचा आणि प्रत्येक खुणेपुढे, म्हणजे टॅगपुढे, क्रमांकांची यादी ठेवायची:

भूगोल : ४, ९, १७
चित्र : २, ९, १७
प्रदर्शन : ५, १७

तिन्ही खुणा एकदम विचारल्या, की तिन्ही याद्यांत असलेला क्रमांक निघतो : १७. नकाशा एकच, वाटा तीन!

१९९१ साली अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत डेव्हिड गिफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा धर्तीची प्रणाली रचली. फाइलीतील मजकूर वाचून संगणकच तिचे गुणधर्म टिपून घेई.

पण खुणा हातानेच घालायच्या, तर कंटाळा येतो. शिवाय एक जण ‘पाऊस’ लिहितो, तर दुसरा ‘पर्जन्य’. मुलांच्या ‘एक्सओ’ या लॅपटॉपवरील ‘शुगर’ प्रणालीने यावर एक मार्ग काढला. तिच्या पडद्यावर कप्प्यांऐवजी कृती दिसतात : चित्र काढणे, लिहिणे, गाणे रचणे. कोणती कृती केली, केव्हा केली आणि कोणाबरोबर केली, याची नोंद ‘जर्नल’ या रोजनिशीत आपोआप होते. नाव आणि खुणा मूल हवे तेव्हा जोडते. रायगड जिल्ह्यातील एका शाळेतही २००७ साली हे लॅपटॉप वापरून पाहिले गेले.

वेळ यंत्राला कळते. पण नकाशा कशासाठी काढला, हे काढणाऱ्यालाच ठाऊक असते. म्हणून उत्तम रचनेत दोघांनाही काम असते. तुमच्या वहीतील वीस पानांना क्रमांक देऊन खुणांच्या याद्या करून पाहा. कोणत्या खुणा उपयोगी पडतात, हे लवकरच समजेल.