मनाच्या आजारांची खानेसुमारी

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात उन्मादाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक आणि आगंतू. पहिले चार शरीरातल्या दोषांचे, पाचवा बाहेरून आलेला. आजचं मानसोपचारशास्त्र या वाटेने आलेलं नाही, पण आतलं की बाहेरचं, हा पेच त्यालाही सुटलेला नाही.

आधुनिक वर्गवारीचा पाया घातला जर्मन डॉक्टर एमिल क्रेपेलिनने. हायडेलबर्गच्या रुग्णालयात तो प्रत्येक रुग्णाचं कार्ड ठेवी. रुग्ण आज काय बडबडतो यापेक्षा पुढे काही वर्षांनी त्याचं काय झालं, याकडे त्याचं लक्ष. त्यातून १८९९ साली दोन मोठे गट पक्के झाले. एकात माणूस उत्तरोत्तर खचत जातो. ब्लॉयलर या डॉक्टरने पुढे त्याला स्किझोफ्रेनिया म्हटलं. दुसऱ्यात उन्माद-नैराश्याचे झटके येतात, ओसरतात आणि मधल्या काळात माणूस बराच सावरतो. ही विभागणी आजच्या ओपीडीतही चालते.

तेव्हाच्या वेड्यांच्या इस्पितळांत आणखी एक मोठी गर्दी असे, ‘जनरल पॅरालिसिस’च्या रुग्णांची. १९१३ साली नोगुची आणि मूर यांना अशा रुग्णांच्या मेंदूत सिफिलिसचे जंतू सापडले. पुढे पेनिसिलिन आलं आणि ती गर्दी विरली. कारण हाती लागलं की आजार या शास्त्राच्या ताब्यातून जातो, असंच दिसतं. उरलेले बहुतेक लक्षणांवरूनच ओळखायचे. तिथे डॉक्टरांचं एकमत होईना. एकाच मुलाखतीची फिल्म पाहून अमेरिकन डॉक्टर सर्रास स्किझोफ्रेनिया म्हणत, ब्रिटिश डॉक्टरांचं निदान निराळं असे.

लक्षणांना समाजाच्या आवडीनिवडी चिकटतात, ही दुसरी अडचण. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या यादीत समलैंगिकता आजार म्हणून होती. १९७२च्या अधिवेशनात जॉन फ्रायर हे डॉक्टर मुखवटा घालून, आवाज बदलून बोलले: मी समलिंगी आहे आणि मानसोपचारतज्ज्ञही आहे. डिसेंबर १९७३मध्ये विश्वस्तांनी ती नोंद काढायचं ठरवलं. विरोधकांनी सभासदांचं मतदान मागितलं. १९७४ साली ५,८५४ विरुद्ध ३,८१० मतांनी निर्णय टिकला. आजार आहे की नाही हे मोजणीने ठरावं, याचं हसू येतं खरं. पण यादीत ती नोंद आली होती तीही कुठल्या प्रयोगशाळेतून नव्हे.

१९८० साली मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट स्पिट्झर यांच्या पुढाकाराने याच यादीत निकषांची पद्धत आली. आज नैराश्याची नऊ लक्षणं, त्यांतली किमान पाच, किमान दोन आठवडे, असा हिशेब असतो. डॉक्टरांची निदानं एकमेकांशी जुळू लागली. निदान खरं आहे का, हा प्रश्न मात्र वेगळाच. तरी यादीवाचून चालत नाही. आपल्याकडचा २०१७चा मानसिक आरोग्य कायदाही आजार ठरवताना जागतिक आरोग्य संघटनेच्या अद्ययावत वर्गीकरणाचा आधार घ्यायला सांगतो.

त्या वर्गीकरणात आता दीर्घकाळ न ओसरणारा शोक हाही विकार आहे. त्याची मुदत किमान सहा महिने. अमेरिकन यादीत मोठ्या माणसांसाठी बारा. आपल्या घरांत वर्षश्राद्धापर्यंत सणवार करत नाहीत. पहिल्या यादीच्या हिशेबाने ती मुदत दुप्पट. म्हणूनच बहुधा, शोक त्या-त्या समाजाच्या रूढीपलीकडे गेलेला असला पाहिजे, ही अटही दोन्ही याद्यांत घातलेली आहे.